इस्पिकचा एकटा राजा

३ मार्च

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

या पत्रव्यवहारातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: ब्रिजच्या टेबलावर भिडूला खोटे सांगणारी बोली कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरत नाही. सिद्धता पूर्ण झाली की तू ती मान्य करशील, आणि गेल्या वर्षीच्या स्पर्धेपासून आपल्यात जो अबोला आहे तो संपेल. रागलोभाचा प्रश्न नाही. तो केवळ निष्कर्ष म्हणून संपेल.

प्रथम घडलेली हकीकत, म्हणजे पुढे वाद नको. उपांत्य फेरीत तू ‘एक किलवर’ अशी सुरुवात केलीस. मी ‘एक इस्पिक’ म्हणालो. त्यावर तू ‘एक बिनहुकूम’, म्हणजे कोणताच रंग हुकूम नको, असे म्हणालीस. या दुसऱ्या बोलीचा अर्थ तुला दहाव्या वर्षी मीच शिकवला होता: माझी ताकद साधारण आहे, आणि चारही रंगांची किमान दोन-दोन पाने माझ्याकडे आहेत. मी ते प्रमाण मानले. माझी सहा इस्पिक, तुझी निदान दोन, आठ झाली. मी सरळ ‘चार इस्पिक’ बोललो, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करण्याचा पण. खेळ सुरू होताना नियमाप्रमाणे तू आपली पाने टेबलावर उघडी मांडलीस तेव्हा इस्पिकचे एकच पान निघाले. प्रतिपक्षातील एकाकडे पाच इस्पिक होती. एका हाताने डाव गेला आणि त्याबरोबर अंतिम फेरीही गेली.

बोली ही भिडूसमोर दिलेली साक्ष असते. साक्षीदाराने नसलेले पान आहे म्हणून सांगू नये. माझे म्हणणे इतकेच होते आणि आहे.

आता पद्धत. काकूने पत्त्यांचा जोड पिसून चार वाटे केले. एक बंद पाकिटात या पत्रासोबत तुझ्याकडे येत आहे. एक माझ्याकडे आहे. उरलेले दोन प्रतिपक्षाचे, ते काकूने बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. प्रतिपक्ष नेहमी ‘पास’ म्हणेल, तेव्हा बोलायचे आपण दोघांनीच. प्रत्येक पत्रात एक बोली. हातातल्या पानांविषयी पत्रात अवाक्षर काढायचे नाही.

मे महिन्यातील जोडी-स्पर्धेच्या अर्जावर मी तुझे नाव लिहून दिले आहे. तोवर सिद्धता पूर्ण झालेली असेल.

माझी बोली: एक चौकट.

काका

ता. क. भिंगरी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी घुसवते. प्रतिपक्ष म्हणजे मी. या घरात ‘पास’ म्हणायची मला सवय आहेच, अवघड जाणार नाही. तुझी पानं मात्र नीट बघ हं. — काकू

९ मार्च

ती. काका,
सा. नमस्कार.

‘चि. पुतणीस’ वाचून आधी वाटलं पाणीपट्टीची नोटीस आली. मला भिंगरी हे नाव तुम्हीच ठेवलं होतं, ते परत घेतलंत का? घेतलं असेल तर तसं लेखी कळवावं, म्हणजे पुढे वाद नको.

तुमचं पाकीट मी चौदाव्या मजल्याच्या वर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत उघडलं. दोर तपासायचं काम चालू होतं, हात ग्रीसने माखलेले, म्हणून पानं कोपऱ्यांना धरून बघितली. बघितली आणि इतकी मोठ्याने हसले की खालून सहकाऱ्याने ओरडून विचारलं, ‘काय सापडलं?’ काय सापडलं ते तुम्हाला सांगता येत नाही. अवाक्षर काढायचं नाही असा नियम आहे.

आता तुमच्या हकिकतीत दोन गोष्टी राहिल्या आहेत, त्या भरते. एक, ते इस्पिकचं पान दुर्री-तिर्री नव्हतं, राजा होता. दुसरी, डाव गेल्यावर तुम्ही पानं गोळा करत, शेजारच्या तिन्ही टेबलांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या स्वच्छ आवाजात म्हणालात, ‘माझा भिडू खोटं बोलतो.’ ‘बोलला’ नाही काका, ‘बोलतो’. सवय असल्यासारखं. डाव गेल्याचं दुःख मला जिना उतरेपर्यंत होतं. त्या वाक्याचं अजून आहे. म्हणून मी घरी येत नाही. काकूला वाटतं मला कामाची गडबड असते. तिला तसंच वाटू द्या.

आणि अर्जावर माझं नाव लिहून दिलंत? मला न विचारता? स्पर्धेला येणार नाही असं मी कळवलं होतं. ते अजून तसंच आहे. तुमच्या सिद्धतेची वाट बघायला माझी हरकत नाही, फुकटची करमणूक आहे. पण नाव काढा.

माझी बोली: एक इस्पिक.

तुमची,
(नाव तुम्ही परत केल्यावर लिहीन)

२ एप्रिल

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

तुझे पत्र वेळेवर पोहोचले. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला आहे. नळवाला तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा वायसर बदलून गेला, यावरून कारण वायसर नाही एवढे तरी सिद्ध होते.

तुझ्या जागी सध्या क्लबमधले दंतवैद्य माझ्यासमोर बसतात. गृहस्थ सज्जन आहेत. मात्र चांगली पाने आली की ते शीळ घालतात. प्रतिपक्षाला त्यामुळे बोलीची गरजच उरत नाही. मी त्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘प्रोफेसर, मग वाईट पानं आली की पण घालतो, म्हणजे कोणाला कळणार नाही.’ आता ते सतत शीळ घालतात.

‘बोलतो’ आणि ‘बोलला’ यांतील भेद तू दाखवलास. तो भेद खरा आहे. त्यावर मी विचार करीत आहे.

अर्जाविषयी: मुदत मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असल्याने घाई करण्याचे कारण दिसत नाही.

माझी बोली पुढील पत्री कळवीन.

काका

ता. क. भिंगरी, हे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर तेरा पानं पसरून बसलेत. पानं उचलतात, लावतात, पुन्हा ठेवतात. चहा गार होतो, मी तो गरम करते, तो पुन्हा गार होतो. काल मला म्हणाले, ‘समज, एखाद्याला काहीही म्हटलं तरी थोडं खोटंच पडणार असेल, तर?’ मी म्हटलं, ‘अहो, मग माझी नवी साडी बघून तुम्ही जे म्हणता तेच म्हणायचं.’ तर म्हणे, हा गंभीर प्रश्न आहे. नळाचं खरं कारण यांना सांगू नकोस: मी तो मुद्दाम अर्धवट बंद करते. तो गळायला लागला की उठतात तरी. — काकू

७ एप्रिल

ती. काका,
सा. नमस्कार.

पत्र आलं. त्यात नळ आहे, दंतवैद्य आहेत, शीळ आहे. बोली नाही.

दहाव्या वर्षी तुम्ही मला आणखीही एक गोष्ट शिकवली होती. मी ‘पास’ म्हणायच्या आधी हनुवटीला हात लावून बसले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘भिंगरी, टेबलावर रेंगाळणं हीसुद्धा बोली असते, आणि ती अप्रामाणिक बोली असते, कारण भिडूला ती ऐकू येते.’ काका, तुम्ही जवळजवळ महिनाभर रेंगाळलात. इतकं ऐकू आलं की माझ्या कानाला दडे बसले. ‘एक इस्पिक’ म्हटल्यावर माणूस इतका वेळ गप्प बसतो याचा अर्थ मी सांगू? नको. नियम आहे.

त्यापेक्षा कामावरची गंमत सांगते. गेल्या आठवड्यात एका जुन्या कचेरीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आमच्याकडे नवीन लागलेला एक जण आहे, उत्साही, अंगात घोड्याचं बळ. मी जिने चढून पोहोचायच्या आत त्याने किल्ली लावून बाहेरचं दार ओढून उघडलंसुद्धा. आत एक जाडजूड बाई त्याच दाराला पाठ टेकवून उभ्या होत्या. त्या मागच्या मागे त्याच्याच अंगावर पडल्या म्हणून वाचल्या, नाहीतर खालची खोल विहीर होतीच. त्याचा हात प्लास्टरमध्ये आहे. बाईंना काही झालं नाही, त्या उलट त्यालाच पेढ्यासारखं गोड बोलून गेल्या.

मी त्याला फाडून खाल्लं नाही. फक्त विचारलं, ‘दार उघडायच्या आधी काय करायचं?’ तो म्हणाला, ‘वीज तोडायची.’ ‘त्याच्याही आधी? अरे बाबा, हाक मारायची. आत कोण आहे, किती जण आहेत, दाराला टेकून कोणी उभं आहे का? दार बंद असतं तेव्हा आतलं आपल्याला दिसत नाही. विचारायला पैसे पडत नाहीत.’ तर तो म्हणतो, ‘पण मॅडम, नियमावलीप्रमाणे लिफ्टच्या माणसांनी दारापासून लांबच उभं राहायला हवं. आत पाटी आहे.’

त्याचं म्हणणं तुम्हाला पटलं असतं. चूक तर त्या बाईंचीच होती.

दंतवैद्यांना माझा नमस्कार. त्यांना सांगा, एकच सूर धरून घातली तर शीळ चालेल.

बोलीची वाट बघते.

तुमची,
भिंगरी (नाव मी स्वतःच परत घेतलं, तुमच्या सवडीची वाट बघत बसले तर म्हातारी होईन)

१५ एप्रिल

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

नावाचा मुद्दा मान्य.

रेंगाळण्याचा आरोपही मान्य. मात्र विलंबाचे कारण समजून घेण्यासाठी तुला एक काल्पनिक उदाहरण विचारात घ्यावे लागेल. ते काल्पनिक आहे, हे मी पुन्हा नमूद करतो. हातातल्या पानांविषयी अवाक्षर न काढण्याचा नियम मी मोडलेला नाही.

समज, एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे चौकटची पाच पाने आहेत, बदामची चार, किलवरची तीन, आणि इस्पिकचे एकच: राजा. आपल्या राज्यात एकटा बसलेला राजा. ताकद साधारण. गृहस्थांनी आपला सर्वांत लांब रंग सांगितला: ‘एक चौकट’. ही बोली संपूर्ण सत्य होती. भिडूने उत्तर दिले, ‘एक इस्पिक’. म्हणजे भिडूने नेमका तोच रंग काढला ज्यात गृहस्थ उघडे आहेत. आता नियमाप्रमाणे गृहस्थांना गप्प बसता येत नाही; बोलावेच लागते. त्यांच्यापुढे मार्ग कोणते?

‘दोन चौकट’ म्हणावे, तर त्याचा अर्थ माझ्याकडे चौकटची सहा पाने आहेत. आहेत पाच. एका पानाचे खोटे. शिवाय बदाम दडून राहतात.

‘दोन बदाम’ म्हणावे, तर चार बदाम सांगितले जातात, हे खरे. पण त्या बोलीचा अर्थ असा की माझी पाने फार जड आहेत, भिडू, निर्धास्त चढत जा. गृहस्थांची पाने जड नाहीत. हे खोटे भिडूला डोंगरावर नेऊन कडेलोट करणारे आहे.

‘दोन इस्पिक’ म्हणावे, तर तुझ्या रंगाला माझा पाठिंबा आहे असा अर्थ होतो. पाठिंब्याला एक राजा आणि मागे सैन्य शून्य.

‘एक बिनहुकूम’ म्हणावे, तर ताकद अचूक सांगितली जाते, डाव खालच्या पायरीवर राहतो, भिडूला पुढे बोलायला जागा राहते. मात्र इस्पिकची किमान दोन पाने आहेत असे ध्वनित होते. आहे एक.

दोन बाजूंनी कोंडी झाली तर तर्कशास्त्रात तिला उभयापत्ती म्हणतात. ही चारी बाजूंची आहे. मी तिच्यात कोठे फट आहे का हे फार बारकाईने पाहिले. नाही. सुरुवात ‘एक बदाम’ने केली असती तर? तर पहिलीच बोली खोटी ठरली असती. म्हणजे गृहस्थ सत्य बोलले म्हणूनच अडचणीत आले. हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

तेव्हा निष्कर्ष असा: जेथे प्रत्येक उपलब्ध विधान काही अंशी असत्य आहे, तेथे ज्या असत्याने भिडूचे सर्वांत कमी नुकसान होते ते विधान करावे. अशा विधानाला खोटे म्हणणे योग्य नाही. मी त्यास ‘अपुरे सत्य’ म्हणतो.

याचा गेल्या वर्षीच्या प्रकरणाशी संबंध जोडण्याचा मोह तुला होईल, म्हणून आधीच सांगतो की संबंध नाही. तू किलवरने सुरुवात केली होतीस. येथे चौकट आहे. दोन्ही प्रकरणे सर्वस्वी भिन्न आहेत.

माझी बोली: एक बिनहुकूम.

काका

ता. क. भिंगरी, मी काही बोलत नाही. मी प्रतिपक्ष आहे. पास. — काकू

ता. क. २. पण शेवटचा परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला यांनी, आणि विचारलं, ‘मुद्दा चोख बसलाय ना?’ मी म्हटलं, ‘अगदी. फ्रेम करून लावू या.’

२० एप्रिल

ती. काका,
सा. नमस्कार.

त्या काल्पनिक गृहस्थांची मला फार दया आली. त्यांना माझा नमस्कार कळवा. ओळखीचे वाटतात. कुठे भेटलो होतो ते मला पक्कं आठवतंय, त्यांनाच आठवत नाहीसं दिसतं. असो. चौकटवाले असतील. माझ्या ओळखीची ती किलवरवाली.

‘अपुरे सत्य’ हा शब्द मला आवडला. मला मिळाला होता तो ‘खोटं’. माझ्या वेळी शब्दांचा साठा कमी पडला असावा.

आता माझी पाळी. काका, माझ्याकडे काय आहे ते सांगणार नाही, पण मी सुद्धा एक काल्पनिक बाई आणते. या बाईंकडे इस्पिकची सहा पानं आहेत, वर एक्का-राणी, आणि ताकद भरपूर. भिडू म्हणतो, ‘एक बिनहुकूम’. आता बाईंनी हिशेब केला: भिडूकडे निदान दोन इस्पिक असायलाच हवीत, आत पाटी आहे. सहा आणि दोन आठ. ‘चार इस्पिक’ म्हणून दार ओढून मोकळं व्हायला काय हरकत आहे? पुस्तकाप्रमाणे काही हरकत नाही. मी असा एक माणूस बघितलाय ज्याने नेमकं हेच केलं.

पण बाईंचा धंदा वेगळा आहे. बाई हाक मारतात. दार बंद आहे, आतलं दिसत नाही, आणि भिडू आत कसा उभा आहे ते त्यालाच ठाऊक. कदाचित त्याला चारही बाजूंनी कोंडी झाली असेल. कदाचित तो सत्य बोलल्यामुळेच अडकला असेल आणि ते त्याला अत्यंत अन्यायाचं वाटत असेल. म्हणून बाई एक पायरी खाली थांबतात. ‘तीन इस्पिक’ म्हणतात. याचा अर्थ एवढाच: माझ्याकडे सहा आहेत. तुझ्याकडे दुसरं आहे का रे? असेल तर चार म्हण. नसेल तरी काही बिघडत नाही, तसं सांग, दुसरीकडे जाऊ.

आपल्या दोघांत या बोलीचा हाच अर्थ ठरलेला आहे. ठरवलात तुम्हीच.

आणि आता विनोद बाजूला. काकूने फोनवर सांगितलं, क्लबच्या फळ्यावर जोड्यांची नावं लागली आहेत आणि तुमच्या नावापुढे माझं अजून आहे. मी मागच्या महिन्यात नाव काढा म्हटलं होतं. काका, मला खेळायचं नाही असं नाही. पण फळ्यावर माझं नाव लिहिलेलं आहे म्हणून मी तुमच्यासमोर येऊन बसणार नाही. एवढं लक्षात घ्या, तुमच्या सिद्धतेचं काहीही होवो.

माझी बोली: तीन इस्पिक.

तुमची,
भिंगरी

२८ एप्रिल

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

प्रथम बोली: तीन बिनहुकूम. म्हणजे, नाही, माझ्याकडे दुसरे इस्पिक नाही. तू विचारलेस म्हणून मला हे सांगता आले. त्या ‘एक बिनहुकूम’मध्ये जे अपुरे होते ते एका प्रश्नाने पुरे झाले. आठ आठवड्यांत मला इतके हलके वाटले नव्हते.

आता काय घडले ते क्रमाने सांगतो.

तुझे पत्र वाचून झाल्यावर बोली संपली असे मी जाहीर केले आणि काकूकडे बिस्किटांचा डबा मागितला. तुझी पाने तुझ्याजवळ असली तरी तीन वाटे हाती आल्यावर चौथा सांगायला ज्योतिषी लागत नाही. चारही हात टेबलावर मांडले. प्रतिपक्षातील एकाकडे पाच इस्पिक निघाली. ‘चार इस्पिक’ खेळलो असतो तर एका हाताने गेलो असतो. ‘तीन बिनहुकूम’ खेळून पाहिले; लागतात ते नऊ हात सहज झाले, एक वर आला. मी समाधानाने काकूला म्हणालो, ‘पाहिलेस? योग्य पद्धतीने बोलले की योग्य जागी पोहोचता येते.’

काकू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आता रंग बदलून बघा.’

‘म्हणजे?’

‘चौकटला किलवर म्हणा. बदामला चौकट म्हणा. किलवरला बदाम. इस्पिकला हात लावू नका.’

मी मनात पाने बदलली. अर्धी बदलून झाली तेव्हाच मी खुर्चीवर बसलो; तोवर मी उभा होतो. पाच किलवर, चार चौकट, तीन बदाम आणि इस्पिकचा राजा. माझ्या हातात दोन महिने तुझी पाने होती. आणि तुझ्या हातात माझी.

‘तू पिसले होतेस ना?’ मी विचारले.

‘पिसले की,’ ती म्हणाली. ‘आधी पिसले, मग निवडून घेतले. निवडायचं नाही असं कुठे म्हणाला होतात?’

‘तुझ्या लक्षात कशी राहिली सगळी पाने?’

‘अहो, वर्षभर रोज जेवताना ऐकलीत. रुग्णालयातल्या नोकरीत इतक्या वर्षांत औषधांची नावं एवढी पाठ झाली नाहीत. मला ब्रिज येत नाही, पण तो एक डाव मी झोपेतही मांडीन.’

मी विचारले, ‘आणि भिंगरीला हे ठाऊक होते?’

‘तिने पाकीट उघडल्या उघडल्या ओळखलं. इकडे फोन करून इतकी हसली, मला वाटलं लिफ्टमधून पडली. तिचे तर रंगही बदलले होते. तरी ओळखलं.’

भिंगरी, मी उभी हयात वर्गात एकच गोष्ट शिकवली: युक्तिवादाचा आकार पाहा, त्यातला आशय पाहू नका. ‘क’च्या जागी ‘ख’ ठेवल्याने युक्तिवाद बदलत नाही. ज्याला हे कळले नाही त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बसवीत असे. आणि मी स्वतः लिहिले, ‘तू किलवरने सुरुवात केली होतीस, येथे चौकट आहे. दोन्ही प्रकरणे सर्वस्वी भिन्न आहेत.’ काकूने ते उतरवून घेऊन खरोखरच फ्रेम करायला दिले आहे. भिंतीवर जागाही मोजून ठेवली आहे. मी हरकत घेतलेली नाही.

मला सिद्ध करायचे होते की खोटी बोली कधीच समर्थनीय नसते. सिद्ध झाले ते असे: तुझ्या जागी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन, चहा अनेकदा गार करून, मी तुझीच बोली बोललो. तू ती टेबलावर दोन श्वासांत बोलली होतीस. म्हणजे तू माझ्यापेक्षा चांगली खेळतेस असेही निष्पन्न होते. पण ते या पत्राच्या कक्षेत येत नाही.

माझ्या ‘चार इस्पिक’विषयी. ती बोली पुस्तकाप्रमाणे निर्दोष होती. हे मी आजही म्हणतो, आणि तुझ्या सहकाऱ्याचा प्लास्टरमधला हातही बहुधा हेच म्हणत असेल. ‘तीन इस्पिक’ हा प्रश्न माझ्याही हाताशी होता. मीच तो तुला शिकवला होता. मी तो वापरला नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असे मी गृहीत धरले. आणि डाव गेल्यावर माझ्या गृहीतकाचा राग मी तुझ्या सत्यनिष्ठेवर काढला, तोही वर्तमानकाळात. ते वाक्य मी मागे घेतो. शुक्रवारी क्लबमध्ये, त्याच खोलीत, शेजारच्या तिन्ही टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ते मागे घेतले. दंतवैद्यांनी शीळ थांबवून टाळी वाजवली. प्रतिपक्षाला आम्हा दोघांची पाने उत्तम असल्याचा गैरसमज झाला आणि त्यांनी तो डाव सोडून दिला.

येथवर लिहून मी थांबलो होतो. मग फळ्यावरच्या नावांची आठवण झाली. मी न विचारता तुझे नाव लिहिले, कारण तुझे उत्तर मला ठाऊक आहे असे मी गृहीत धरले. आशय निराळा; आकार तोच. या वेळी मला रंग बदलून पाहायला काकूची मदत लागली नाही, एवढी प्रगती नोंदवावी.

काल क्लबमध्ये जाऊन तुझे नाव पुसून आलो. माझ्या नावासमोरची जागा आता रिकामी आहे. अर्जाची मुदत पाच तारखेला संपते. मी काहीही गृहीत धरलेले नाही. दार बंद आहे, आतले मला दिसत नाही, म्हणून बाहेरून हाक मारतो. भिंगरी, माझ्यासमोर बसशील का? ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि त्याची कारणे द्यावी लागत नाहीत. आणि उत्तर काहीही असले तरी घरी येशील का? हा दुसरा, स्वतंत्र प्रश्न आहे. पहिल्यावर अवलंबून नाही. नळाचे कारणही मला कळले आहे. मी तो गळू देतो आहे.

खालील निवेदन वेगळे लिहीत आहे, म्हणजे ते कापून कोणालाही दाखवता येईल.

निवेदन: गेल्या वर्षीच्या डावात भिडूच्या ‘एक बिनहुकूम’नंतर मी ‘चार इस्पिक’ बोललो. चूक माझी होती, आणि ती एकच होती: मी विचारले नाही.

(सही) काका

साक्षीदार: काकू. (‘एकच’ हा शब्द मला मान्य नाही. पण सुरुवात म्हणून सही करते.)